स्वतःला आवरणारी ऊब

विजेच्या शेगडीचें वेटोळें तुटलें म्हणजे त्याचीं दोन्ही टोंकें ओढून एकमेकांत अडकवावयाचीं आणि शेगडी पुन्हां चालूं करावयाची, हा उद्योग आपल्याकडे पुष्कळ घरांतून झालेला आहे. असें सांधलेलें वेटोळें पूर्वीपेक्षां अधिक लाल होतें, दूधही कांहींसें लवकर वर येतें, आणि पंधरवडा जातो न जातो तोंच तें पुन्हां तुटतें. ह्यांत शेगडीचा दोष नाहीं व सांधणाराचाही फारसा नाहीं. तार जितकी आंखूड, तितका तिचा रोध कमी. रोध कमी झाला कीं प्रवाह वाढतो, आणि त्याबरोबर उष्णताही वाढते. एक हजार वॅटची तार बरोबर मध्यें तोडून तिचा अर्धाच भाग जोडला, तर तो भाग दोन हजार वॅट घेऊं लागतो. म्हणजे तारेच्या प्रत्येक बोटभर लांबीवर पहिल्याच्या चौपट भार पडतो. निकेल व क्रोमियम यांचा जो नायक्रोम नांवाचा मिश्रधातु अशा शेगड्यांत वापरतात, त्याला ही आंच सोसवेल किंवा न सोसवेल. परंतु आपली भूक आवरती घेणें त्याच्या स्वभावांत नाहीं. तापून लाल झालेली तार थंड तारेच्या जवळजवळ इतकीच वीज घेते. तिला थांबविणारा कोणी तरी बाहेरचा लागतो: बटण फिरविणारा हात, किंवा ठराविक उष्णतामानास प्रवाह तोडणारी कळ.

स्वयंपाकघरांत हें चालून जातें, कारण तेथें पाहणारें माणूस असतें. परंतु जेथें कोणाचीही नजर पोंचत नाहीं, अशा पुष्कळ ठिकाणीं उष्णतेची गरज असते. थंड देशांतील पाण्याचे नळ हें त्याचें साधें उदाहरण. पाणी गोठतांना सुमारें शेंकडा ९ नीं फुगतें, आणि बंद नळांत फुगावयास जागा नसल्यामुळें तें नळच फोडतें. ज्यांचीं मुलेंबाळें मिनेसोटा किंवा टोरंटोकडे संसार थाटून आहेत, त्यांनीं भिंतींतला नळ फुटून तळघर भरल्याच्या हकीकती ऐकल्या असतील. कारखान्यांतून तर पाण्यापेक्षांही हट्टी द्रव नळांतून न्यावे लागतात. भट्टीचें जड तेल थंडींत काकवीसारखें घट्ट होतें, मेण थिजतें, आणि वितळलेला गंधक सुमारें ११५ अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरला कीं नळांतच त्याचा दगड होतो. म्हणून अशा नळांवर विजेची तापपट्टी बांधून वरून जाड वेष्टण घालतात. ही पट्टी साध्या रोधतारेची असली, आणि बांधणारानें एके ठिकाणीं तिचा एक पदर दुसऱ्यावर पडूं दिला, तर तेथेंच अनर्थाला आरंभ होतो. त्या पदरांमधील उष्णतेला बाहेर पडावयास वाट नसते, तार आपली वीज घेतच राहते, आणि वेष्टणाच्या आंत, कोणाच्याही दृष्टीस न पडतां, ती जळूं लागते. अमेरिकेंतील ग्राहक-सुरक्षा आयोगानें घरगुती तापपट्ट्यांमुळें लागणाऱ्या आगींविषयीं लोकांस इशारे दिलेले आहेत.

ह्या अडचणीवर जो तोडगा निघाला, तो कोणत्या पदार्थानें पुरविला हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. तो पदार्थ प्लॅस्टिक. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचें कवच घालतात तें विजेनें बाहेर येऊं नये म्हणून. आणि विस्तवाजवळ ठेवलेली प्लॅस्टिकची वस्तु मऊ पडून वांकडी होते, हें घरांतील लहान मूलही जाणतें. म्हणजे जें वीज वाहून नेत नाहीं आणि आंच सोसत नाहीं, त्याचीच विजेची शेगडी करावयाची! परंतु मौज अशी कीं, उष्णतेनें मऊ पडून फुगणें हा जो प्लॅस्टिकचा दोष, त्याच दोषावर ह्या नव्या शेगडीचें सारें शहाणपण उभारलेलें आहे.

ह्या कामीं मुख्यतः वापरलें जाणारें प्लॅस्टिक म्हणजे आपल्या नित्य परिचयाचें पॉलिथीन. १९३३ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांत चेशायर परगण्यांतील विनिंग्टन येथें, इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज ह्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन हे एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. जी रासायनिक क्रिया व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती ती झाली नाहीं. पात्रांत मात्र मेणासारखा थोडासा पांढरा पदार्थ सांपडला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांचें वेष्टण म्हणून ह्या पदार्थानें मोठी कामगिरी बजावली, ती वीज अडवून धरण्याच्या त्याच्या गुणामुळेंच.

त्याला विद्युद्वाहक करण्यासाठीं त्यांत जें मिसळतात, तें आपल्या आजीबाईंच्या काजळाचें भावंड आहे. तुपाच्या दिव्यावर तांब्याचें भांडें उपडें धरून ज्या जातीची काजळी जमवीत, त्याच जातीची काजळी कारखान्यांत तेल अपुऱ्या हवेंत जाळून टनावारी तयार करतात आणि मोटारीच्या टायरांत घालतात. टायर काळे दिसतात ते तिच्यामुळेंच. तिचा एकेक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, आणि हे कण सुटे न राहतां द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांस चिकटून असतात.

पॉलिथीनमध्यें ही काजळी थोडी थोडी वाढवीत गेलें तर प्रथम कांहींच होत नाहीं. एखादा रुंद ओढा दगडांवर पाय ठेवून ओलांडावयाचा आहे, आणि कोणी डोळे मिटून पात्रांत दगड फेंकीत आहे, अशी कल्पना करावी. शंभर दगड पडले तरी चार पावलांपलीकडे वाट नसते. पण एक वेळ अशी येते कीं, आणखी पांचपंचवीस दगड पडतांच ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत वाट जुळून येते, आणि त्यानंतर थोडक्याच दगडांनीं तशा दहा वाटा होतात. काजळीचेंही असेंच आहे. ठराविक प्रमाण ओलांडलें कीं जो पदार्थ आतांपर्यंत विजेस मुळींच दाद देत नव्हता, त्याचा रोध कोट्यवधि पटींनीं खालीं येतो. अशा अकस्मात् जुळणाऱ्या वाटांचें गणित १९५७ सालीं सायमन ब्रॉडबेंट व जॉन हॅमर्सली ह्या दोघां इंग्रज गणितज्ञांनीं मांडलें. ब्रॉडबेंट यांना तो प्रश्न खाणींतील लोकांच्या वायुरोधक मुखवट्यांवरून सुचला होता. मुखवट्यांतील कोळशाच्या वांकड्यातिकड्या छिद्रांतून वायु कोठवर झिरपेल, हें त्यांना पाहावयाचें होतें. प्लॅस्टिक त्यांच्या ध्यानींमनींही नव्हतें.

इतकें झालें म्हणजे वीज वाहणारें काळें प्लॅस्टिक मिळालें. परंतु तेवढ्यानें तें नायक्रोमचें एक दुबळें भावंडच ठरलें असतें. पुढची करामत पॉलिथीनच्या अंगरचनेंत आहे. त्याचे लांबलचक रेणु कांहीं ठिकाणीं घडी घातलेल्या धोतरासारखे नीट रचलेले असतात, तर कांहीं ठिकाणीं गुंतलेल्या सुतासारखे अस्ताव्यस्त असतात. नीट रचलेल्या घड्यांत काजळीला शिरकाव नाहीं. ती सगळी गुंत्याच्या भागांत दाटीवाटीनें राहते, आणि ह्या दाटीमुळेंच तिच्या वाटा जुळतात. आतां वीज सुरू झाली आणि पदार्थ तापूं लागला म्हणजे शंभर अंशांच्या आसपास ह्या घड्या भराभर उलगडूं लागतात. सगळा पदार्थ फुगतो. पूर्ण वितळेपर्यंत त्याचें आकारमान शेंकडा १० हून अधिक वाढतें. काजळीला ऐसपैस जागा मिळते, कण एकमेकांपासून दूर सरतात, आणि ओढ्याला पाणी चढून दगड बुडावे तशा वाटा एकामागून एक नाहींशा होतात. रोध हजारों पट, कांहीं मिश्रणांत लाखों पट वाढतो. प्रवाह आटतो, त्यामुळें उष्णता कमी होते. पदार्थ निवून आकसूं लागला कीं तुटलेल्या वाटा पुन्हां जुळतात. हा हेलकावा प्रत्यक्षांत डोळ्यांना दिसत नाहीं. जितकी उष्णता बाहेर जाते तितकीच आंत उत्पन्न होईल, अशा एका समतोलावर पदार्थ शांतपणें स्थिरावतो. नळाचा एक भाग वाऱ्यांत आणि दुसरा उन्हांत असला, तर वाऱ्यांतला भाग अधिक वीज घेतो व उन्हांतला कमी. आणि हा निवाडा वितीवितीवर स्वतंत्रपणें, कोणत्याही कळीवांचून होतो.

पॉलिथीन व काजळी यांच्या मिश्रणाचा हा गुण १९४८ सालच्या एका ब्रिटिश पेटंटांत नमूद आहे, पण पुढें कित्येक वर्षे त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९६६ सालीं फ्रेड कोहलर यांना अमेरिकेंत ह्याच विषयावर पेटंट मिळालें. त्यांनीं त्याची उपपत्ति उष्णतेनें होणाऱ्या प्रसरणावरून लावली.

येथपर्यंतची हकीकत फार सरळ झाली. पण ह्या पदार्थांत एक दगाही दडलेला आहे, आणि तो दूर केल्यावांचून त्याची तापपट्टी कोणाच्या घरांत लावणें धोक्याचें झालें असतें. उष्णतामान वितळण्याच्या बिंदूपाशीं न थांबतां कांहीं कारणानें पुढें गेलें, तर पातळ झालेल्या प्लॅस्टिकांत काजळीचे कण मोकळेपणीं हिंडूं लागतात, आणि हिंडतां हिंडतां पुन्हां एकमेकांस बिलगतात. वाटा पुन्हां जुळतात, रोध उतरतो, प्रवाह वाढतो, उष्णता आणखी वाढते. ज्या रखवालदारावर भिस्त ठेवावी, त्यानेंच ऐन वेळीं चोरास दार उघडून द्यावें तसा हा प्रकार.

ह्यावरील उपाय दुसऱ्याच दिशेनें आला. १९५२ सालीं इंग्लंडांतील हारवेल येथील अणुसंशोधन केंद्रांत आर्थर चार्ल्सबी यांनीं दाखवून दिलें कीं, अणुभट्टींतील किरणांच्या माऱ्यानें पॉलिथीनचे शेजारशेजारचे रेणु एकमेकांस सांधले जातात. असें सांधलेलें पॉलिथीन वितळण्याच्या बिंदूच्या वर तापविलें तरी ओघळत नाहीं. रबरासारखें मऊ होतें, पण आपला आकार धरून राहतें. ह्याच विद्येवर पॉल कुक यांनीं १९५७ सालीं कॅलिफोर्नियांत एक कंपनी काढली, ती पुढें रेकेम ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. विमानांतील हलक्या तारा आणि तापवितांच आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी हे तिचे आरंभींचे व्यवसाय. काजळी मिसळलेल्या पॉलिथीनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तेंही असेंच सांधून घेतलें, तर उष्णतेनें तें फुगतें खरें, पण त्यांतील कणांना हिंडावयास मोकळीक राहत नाहीं. रेणूंच्या जाळ्यांत ते जागच्या जागीं अडकून पडतात. फुगण्याचा गुण राखावयाचा आणि वाहण्याचा दोष काढावयाचा, हें काम ह्या किरणांनीं केलें.

आमच्या मतें ह्या साऱ्या इतिहासांतील सर्वांत रंजक भाग पाककृतीचा आहे. काजळी भरपूर घातली तर वीज हमखास वाहते, पण वाटा इतक्या होतात कीं, फुगूनही पुरेशा तुटत नाहींत; पट्टी हट्टी होते. काजळी बेताची घातली तर तापल्यावर वाटा सुरेख तुटतात, पण मग दुसरीच अडचण उभी राहते. सोऱ्यांतून शेव पाडावी त्याप्रमाणें हें गरम मिश्रण यंत्राच्या छिद्रांतून दाबून तारेच्या रूपानें बाहेर काढतात. त्या ओढाताणींत काजळीचे घड विस्कटतात, आणि नुकतीच पाडलेली पट्टी जवळजवळ निर्जीव निघते. तिच्यांतून वीज जाईनाशी होते. रॉबर्ट स्मिथ-जोहान्सन व जॅक वॉकर यांच्या नांवें रेकेम कंपनीस १९७५ सालीं जें पेटंट मंजूर झालें, त्यांत ह्यावरची युक्ति सांगितलेली आहे. काजळी वजनानें शेंकडा १५ च्या आंतच ठेवावयाची. पट्टीवर अधिक उष्णता सोसणाऱ्या दुसऱ्या प्लॅस्टिकचें कवच चढवावयाचें. आणि मग तिला आंतील पॉलिथीन वितळेल इतक्या आंचेवर तासच्या तास मुरत ठेवावयाचें. कवचामुळें आकार बिघडत नाहीं, आणि आंत कण हळूहळू सरकून आपल्या वाटा पुन्हां बांधतात. म्हणजे कणांचें जें हिंडणें पुढें घातक ठरतें, त्याचाच येथें, किरण देण्यापूर्वीं, उपयोग करून घेतलेला आहे. वाटा मनाजोगत्या जुळल्या कीं मग किरणांचा मारा करून सारें जागच्या जागीं बांधून टाकावयाचें. पीठ तेंच असून आंबविण्यानें इडली जमते किंवा फसते, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या मुरविण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

अशा तऱ्हेनें सिद्ध झालेली केबल १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच बाजारांत आली. तिची रचना शिडीसारखी आहे. दोन बाजूंस तांब्याच्या दोन समांतर तारा, आणि त्यांच्यामध्यें टोंकापासून टोंकापर्यंत काळ्या प्लॅस्टिकचा गाभा. वीज एका तारेनें येते, गाभ्यांतून आडवी जाते व दुसऱ्या तारेनें परत फिरते. शिडीच्या पायऱ्या जणूं अगणित. म्हणून ही केबल कोठेंही कापली तरी उरलेल्या भागाच्या वागणुकींत फरक पडत नाहीं. २३० व्होल्टवर दर मीटरास १० वॅट देणाऱ्या केबलीचा एक मीटर तुकडा सुमारें ५,३०० ओहम रोधाचा असतो. दहा मीटर घेतली तर एकंदर रोध ५३० ओहमांवर येतो व उष्णता १०० वॅट होते. दर मीटरास पुन्हां दहाच. आरंभीं सांगितलेल्या वेटोळ्याशीं हें ताडून पाहावें. एक पदर दुसऱ्यावर पडला तरी तेथला गाभा आपोआप आपली वीज कमी करतो, आणि अनर्थ टळतो.

वीज वाहणारें प्लॅस्टिक म्हटलें कीं सुशिक्षित वाचकांस नोबेल पारितोषिक आठवेल. १९७७ सालीं हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांनीं पॉलिॲसिटिलीन हें प्लॅस्टिक आयोडिनाच्या संयोगानें धातूसारखें वाहक करून दाखविलें, आणि २००० सालीं त्यांना रसायनशास्त्राचें पारितोषिक मिळालें. तें संशोधन थोरच होतें. परंतु तो पदार्थ हवेंत लवकर बिघडतो, आणि वितळवून त्याच्या पट्ट्या पाडतां येत नाहींत. नळांवर बांधून घेण्याचें काम काजळी घातलेल्या पॉलिथीननेंच केलें, आणि त्याची कीर्ति कारखान्यांबाहेर फारशी पोंचली नाहीं.

ह्या केबलीच्या मर्यादाही तिच्या रचनेंतूनच येतात. सगळी वीज त्या दोन तांब्याच्या तारांतून वाहावयाची, त्यामुळें साधारणतः शंभर-दोनशें मीटरांच्या पुढें एकच केबल नेतां येत नाहीं. राजस्थानांत बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रांतील खनिज तेल इतकें मेणचट आहे कीं, तें साध्या हवेंतच थिजतें. गुजराथच्या किनाऱ्यापर्यंत तें पोंचविण्यासाठीं २०१० सालीं सुरू झालेली सहाशें किलोमीटरांहून लांब नळवाहिनी सतत ६५ अंशांच्या वर ठेवावी लागते. तेथें मुख्य वाहिनीवर निराळीच योजना आहे: मोठ्या नळास एक बारीक पोलादी नळी जोडून तिच्यांत रोधक वेष्टणाची तार घातलेली आहे, आणि प्रत्यावर्ती प्रवाह त्या नळीच्या आंतल्या पृष्ठावरून परत येतांना तिला तापवितो. दुसरी मर्यादा उष्णतामानाची. पॉलिथीन ज्या बिंदूस वितळतें, त्याच्या वर त्याची केबल नेऊं शकत नाहीं. त्याहून अधिक आंच हवी असल्यास फ्लोरीनयुक्त महाग प्लॅस्टिकें घ्यावीं लागतात. शिवाय गाभा थंडगार असतांना वाटा सर्वांत अधिक जुळलेल्या असतात, त्यामुळें कडाक्याच्या पहांटे बटण दाबतांच पहिलीं कांहीं मिनिटें प्रवाह नेहमीपेक्षां बराच मोठा येतो, आणि फ्यूज त्या हिशोबानें ठेवावा लागतो.

फ्यूजवरून ह्या पदार्थाचा आणखी एक उपयोग सांगण्याजोगा आहे. ऊब मिळविण्याऐवजीं केवळ त्याच्या रोध वाढण्याच्या गुणाकडे पाहिलें, तर तो स्वतःच एक फ्यूज ठरतो. प्रवाह बेसुमार वाढला कीं तापून तो वाट अडवितो, आणि वीज बंद करून निवूं दिला कीं पुन्हां कामास सिद्ध होतो; तार बदलावी लागत नाहीं. १९८० नंतर बॅटऱ्या, दूरध्वनीचीं यंत्रें, मोटारींच्या कांचा वरखालीं करणाऱ्या चक्क्या अशा ठिकाणीं असे लहान चपटे तुकडे बसविले जाऊं लागले. मोटारीच्या आरशावरील दंव घालविण्यासाठीं काजळीच्या शाईनें छापलेल्या पातळ पट्ट्याही ह्याच कुळांतील. आपल्याकडे डांस पळविणाऱ्या वडीच्या यंत्रांत पुष्कळदां जी स्वतःच आपली उष्णता आवरणारी लहानशी चकती असते, ती प्लॅस्टिकची नसून बेरियम टायटनेट नांवाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. तिचा स्वभाव तोच, पण त्याचें कारण निराळें आहे.

स्वतःला आवरणारी म्हणून ही केबल सर्वस्वीं निर्धोक आहे असा समज मात्र करून घेऊं नये. तिचें आवरणें आहे तें गाभ्याच्या उष्णतेपुरतें. कवचाला चीर पडून आंत पाणी शिरलें, तर उघड्या पडलेल्या दोन तारांमध्यें पाण्यावाटे ठिणगी चालूं लागते. त्या ठिणगीवर गाभ्याच्या शहाणपणाचा कांहींच अंमल चालत नाहीं, आणि जळालेल्या कवचाचा कोळसा होऊन तोच पुढची वाट करून देतो. साधा फ्यूज हा प्रवाह ओळखूं शकत नाहीं, कारण तो पुरेसा मोठा नसतो. म्हणून अशा केबलीवर तांब्याची जाळी चढवून ती जमिनीस जोडतात, आणि जमिनींत झिरपणारा अल्प प्रवाहही ओळखून वीज तोडणारी कळ बसवितात. अमेरिकेच्या विद्युत्-संहितेनें अशी कळ आवश्यक मानली आहे. दुसरी चूक अननुभवी कारागिराची. साध्या रोधतारेंत वीज परत फिरावी म्हणून शेवटीं दोन टोंकें जोडावीं लागतात. त्याच संवयीनें ह्या केबलीच्या शेवटच्या टोंकाशीं तांब्याच्या दोन तारा एकमेकींस पिळल्या, तर सरळ शॉर्ट सर्किटच होतें. तीं टोंकें वेगवेगळीं ठेवून वर पाणी न शिरणारी टोपी घालावयाची असते.

वयोमानाप्रमाणें ही केबल थकतेही. वर्षानुवर्षें तापून व निवून गाभ्याचा तांब्याच्या तारांशीं असलेला संबंध थोडा थोडा सैल होतो, रोध वाढत जातो, आणि दहा वॅट देणारी केबल सहा-सात वॅटांवर येते. ती जळत नाहीं, धूर करीत नाहीं, दिवा लागलेलाच दिसतो. उणीव कळते ती वर्षांतील सर्वांत थंड रात्रीं, नळ गोठल्यावर. म्हणून ज्या कारखान्यांत ह्या गोष्टींकडे नीट लक्ष असतें, तेथें हिवाळा सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक केबलीचें रोधक कवच मेगर लावून तपासतात, आणि तिचा प्रवाह मोजून मागील वर्षाच्या आंकड्याशेजारीं वहींत लिहून ठेवतात.